वेस्टची बावीस मिनिटं

अमोनियम नायट्रेटचं खत दिसायला साबुदाण्यासारखं असतं. पांढरे, गोल, कोरडे मणी. वास येत नाही, नुसती काडी लावली तर पेटतही नाही. गोदामांतल्या आणि कारखान्यांतल्या कामगारांना आगीबद्दल शिकवताना मी या मण्यांचा फोटो पडद्यावर लावतो आणि विचारतो, ‘लाकडी शेडमध्ये हे ठेवलंय, शेडला आग लागलीय, काय कराल?’ बहुतेक जण म्हणतात, पाणी मारू. एखादा म्हणतो, माल बाहेर काढू. ‘लांब पळू आणि शेजारपाजारच्यांनाही पळवू’ असं पहिल्याच फटक्यात कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. मग मी त्यांना वेस्टचं प्रकरण सांगतो.

वेस्ट हे गावाचं नाव आहे. टेक्सस राज्याच्या मध्यभागातलं हे गाव, नाव पडलं ते पहिल्या पोस्टमास्तरच्या आडनावावरून. वेको शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर, इंटरस्टेट ३५ या महामार्गाला लागून. लोकवस्ती २,८०० च्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं मध्यम आकाराचं खेडं. चेक देशातून आलेल्या शेतकऱ्यांचे वंशज इथे राहतात आणि कोलाचे नावाचा, मधोमध फळांचा गर भरलेला गोड पाव घ्यायला महामार्गावरचे प्रवासी मुद्दाम गाडी वळवतात.

अशा गावाला पगारी फायर ब्रिगेड परवडत नाही. अमेरिकेत जवळपास दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत, आणि ते मुख्यतः अशाच गावांत आहेत. दिवसा कोणी वेल्डिंग करतो, कोणी शेती, कोणी दुकान चालवतो. पेजर वाजला की हातातलं काम टाकून, स्वतःची गाडी काढून निघायचं. महामार्गावरचा अपघात, पेटलेलं गवत, स्वयंपाकघरातली आग, म्हाताऱ्या माणसाला उचलून अँब्युलन्समध्ये घालणं, सगळं यांच्याकडेच. बंबाला पैसे कमी पडले की गावजेवण घालून वर्गणी गोळा करायची. वेस्टचे तेव्हाचे महापौर टॉमी मुस्का हेसुद्धा या दलातले स्वयंसेवक होते. आपल्याकडे गंज पेटली की आख्खी आळी घागरी घेऊन धावते, त्याच धावण्याला तिथे गणवेश, बंब आणि शिस्त मिळाली आहे, असं समजा. मला या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर आहे, आणि पुढचं सगळं त्या आदरापोटीच लिहितोय.

बुधवार, १७ एप्रिल २०१३

गावाच्या कडेला रेल्वेरुळाजवळ वेस्ट फर्टिलायझर कंपनीचं खतविक्री केंद्र होतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते उभं राहिलं तेव्हा भोवती शेतं होती. पुढे गाव त्याच्या दिशेने सरकत गेलं. दीडशे मीटरच्या आत एक अपार्टमेंट, त्याच्या थोडं पुढे शाळा, दोनशे मीटरच्या आत वृद्धांचं शुश्रूषागृह. केंद्रावर दोन प्रकारचा माल असे. एक, टाक्यांमध्ये दाबाखाली ठेवलेला निर्जल अमोनिया, जो गळला की डोळे आणि छाती जाळतो. दुसरा, अमोनियम नायट्रेटचे ते पांढरे मणी. हे मणी लाकडी इमारतीत, लाकडी कप्प्यांमध्ये मोकळे ओतलेले असत. त्याच इमारतीत बियाणांची खोली होती. स्प्रिंकलर नव्हते.

संध्याकाळी ७ वाजून २९ मिनिटांनी आगीची पहिली खबर गेली. पेजर वाजले. त्याच वेळी गावात अँब्युलन्ससेवेच्या जागेत प्राथमिक वैद्यकीय उपचारांचा वर्ग चालू होता आणि शेजारच्या गावांच्या दलांतले स्वयंसेवक तिथे शिकायला आले होते. त्यांच्यातले काही उठून आगीकडे गेले. डॅलस शहराच्या फायर ब्रिगेडमधले एक कॅप्टन वेस्टमध्येच राहत, त्यांची त्या दिवशी सुट्टी होती, तेही गेले. दोन गावकरी मदतीला पोचले. खतकेंद्राचा फोरमन स्वतः दलातला स्वयंसेवक होता, तोही तिथेच होता.

काही मिनिटांत बंब पोचले आणि पाणी सुरू झालं. पण बंबाच्या टाकीतलं पाणी अशा आगीला किती पुरणार? जवळ हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी पुरवणारा नळ नव्हता, म्हणून शाळेकडच्या हायड्रंटच्या दिशेने होज टाकायचं काम सुरू झालं. दुसरीकडे काही जण आसपासच्या लोकांना घराबाहेर काढत होते. हे काम नुसतं पाणी मारण्यापेक्षा कितीतरी मोलाचं होतं, आणि त्याने किती जीव वाचले ते मोजण्याची सोय नाही.

७ वाजून ५१ मिनिटांनी अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. पहिल्या खबरीपासून बावीस मिनिटं.

इमारतीच्या जागी ९३ फूट व्यासाचा खड्डा पडला. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या यंत्रांवर २.१ तीव्रतेच्या भूकंपाएवढी नोंद झाली. रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या केमिकल सेफ्टी बोर्ड या केंद्रीय यंत्रणेच्या तपासात असं निघालं की केंद्रावर त्या संध्याकाळी ४० ते ६० टन अमोनियम नायट्रेट होतं आणि त्यातलं साधारण ३० टन उडालं. शेजारी रेल्वेच्या वाघिणीत आणखी सुमारे १०० टन होतं. ती वाघीण आडवी झाली, पण तिच्यातला माल उडाला नाही. अमोनियाच्या टाक्याही फुटल्या नाहीत.

१५ माणसं गेली. त्यांतले १२ जण आगीशी झुंजायला गेलेले होते: वेस्टच्या दलाचे ५, वर्गातून उठून आलेले शेजारच्या दलांचे, डॅलसचे ते कॅप्टन आणि मदतीला धावलेले ते दोन गावकरी. उरलेले ३ आसपासचे रहिवासी. २६० हून अधिक जखमी झाले. हायस्कूलच्या फुटबॉल मैदानावर जखमींना गोळा केलं, पण अमोनिया गळेल या भीतीने तिथूनही हलवावं लागलं. शाळेची इमारत मोडून पडली होती. संध्याकाळ होती म्हणून ती रिकामी होती. हेच सकाळी साडेदहाला घडलं असतं तर काय झालं असतं, हा विचार वर्गात मी बोलून दाखवत नाही. ज्यांची पोरं शाळेत जातात त्यांच्या चेहऱ्यावर तो आपोआप येतो.

मणी पेटत नाहीत, मग उडाले कसे?

इथे थोडं थांबून नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी चूक इथेच दडलेली आहे.

अमोनियम नायट्रेट स्वतः जळत नाही. ते आगीला प्राणवायू पुरवतं. भोवतीचं लाकूड, बियाणं, छपराचं डांबर जळू लागलं की हे मणी तापतात, १७० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतात आणि त्यानंतर विघटन पावू लागतात. मोकळ्या जागेत, शुद्ध स्वरूपात, वाफा निघून जायला वाट असेल तर बऱ्याचदा ते तसंच विरून जातं. पण वितळलेल्या रसात काजळी, डांबर, प्लास्टिक असं काही मिसळलं, किंवा तो रस एखाद्या खड्ड्यात वा कप्प्यात कोंडला, की तो स्फोटकासारखा वागतो. वेस्टच्या इमारतीत यातलं सगळंच हाताशी होतं. लाकडी भिंती, लाकडी कप्पे, वरून गळणारं जळतं छप्पर.

आणि या प्रवासाला लागणारा वेळ बाहेरून दिसत नाही. ज्वाळा जितक्या मोठ्या तितका धोका मोठा, असा आपला डोळा आपल्याला सांगतो. इथे खरा धोका ज्वाळांच्या आत, रसाच्या रूपात शांतपणे तयार होत होता.

दलातल्या लोकांना हे ठाऊक नव्हतं का? तपासातून पुढे आलेलं चित्र असं आहे: त्यांना अमोनियाच्या टाक्यांची धास्ती होती. अमोनिया हा त्यांच्या ओळखीचा शत्रू होता, शेतीच्या प्रदेशात तो गळतो, त्याची तालीम असते. मण्यांचा स्फोट होऊ शकतो हे मात्र त्यांच्या हिशोबातच नव्हतं. आणि याचा दोष मी त्या मृतांवर ढकलणार नाही, कारण जिथे जिथे हे ज्ञान असायला हवं होतं तिथे तिथे ते एकतर नव्हतं किंवा कागदात पडून होतं.

कंपनीने साठ्याची वार्षिक माहिती सरकारदरबारी भरली होती. तिच्यात २७० टनांपर्यंत अमोनियम नायट्रेट असू शकतं असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या एका केंद्रीय खात्याकडे जो जोखमीचा आराखडा द्यावा लागतो, त्यात फक्त अमोनियाची गळती धरली होती, कारण त्या नियमांच्या यादीत अमोनियम नायट्रेट नव्हतंच. कामगार-सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेची आधीची तपासणी १९८५ सालची. टेक्ससमध्ये राज्यभर लागू असा अग्निसुरक्षेचा कायदा नव्हता. स्वयंसेवक अग्निशामकाने किमान अमुक प्रशिक्षण घेतलंच पाहिजे, अशी राज्याची सक्तीही नव्हती. आणि कंपनीचा दायित्व-विमा होता १० लाख डॉलरचा. घराघरांच्या भिंती कोसळल्यावर ही रक्कम कुठच्या कुठे गेली.

म्हणजे माहिती होती. ती बंबावर बसलेल्या माणसापर्यंत पोचलीच नाही. केमिकल सेफ्टी बोर्डाने जानेवारी २०१६ च्या अंतिम अहवालात दलाच्या बाजूच्या त्रुटींची जंत्री दिली आहे: घटनास्थळी एकाने सूत्रं हातात घेण्याची पद्धत पाळली गेली नाही, या केंद्राला आग लागली तर काय करायचं याचा आधी केलेला आराखडा नव्हता, घातक रसायनांचं प्रशिक्षण तोकडं होतं, आणि अमोनियम नायट्रेटच्या आगीबद्दल जी मार्गदर्शक पुस्तकं हाताशी होती तीही एकमेकांशी न जुळणाऱ्या सूचना देत होती. या यादीतली शेवटची गोष्ट मला सगळ्यांत जास्त लागते. पुस्तक उघडून बघणाऱ्यालाही सरळ उत्तर मिळालं नसतं.

ओळखीची जागा

आता माझं स्वतःचं मत. या प्रकरणात प्रशिक्षणाचा अभाव, कायद्याचा अभाव याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ते खरंच आहे. पण स्वयंसेवी दलाची जी सगळ्यांत मोठी ताकद, तीच त्या संध्याकाळी उलटली, असं मला वाटतं.

ती ताकद म्हणजे ओळख. शहरातला पगारी अग्निशामक अनोळखी इमारतीपुढे उभा राहतो तेव्हा तो पहिल्यांदा विचारतो, आत काय आहे? वेस्टच्या माणसांना हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. त्या केंद्रातून त्यांच्या बापजाद्यांनी खत नेलं होतं. ते मणी त्यांनी स्वतःच्या शेतात फेकले होते. पन्नास वर्षं जी जागा रोज येता-जाता दिसते, जिथला फोरमन आपल्याच दलात आहे, ती जागा गावाचा खड्डा करू शकते हे मनात येत नाही. आपल्या गावातल्या खताच्या दुकानाकडे, गॅसच्या गोदामाकडे, फटाक्यांच्या खोलीकडे आपण ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने ते बघत होते. आणि आग लागलेली वस्तू आपल्या गावाची असली की मागे हटणं जवळजवळ लाजिरवाणं वाटतं. इमारत जळू देऊन शेजारी उभं राहायचं, हे पगारी माणसाला नियम म्हणून सांगता येतं. शेजाऱ्याला ते सांगणं फार अवघड.

त्या इमारतीत वाचवण्यासारखं काय होतं, हा प्रश्न मी वर्गात हटकून विचारतो. आत कोणी माणूस अडकलेला नव्हता. लाकडी इमारत आणि खत, दोन्ही पैशात मोजता येणाऱ्या गोष्टी. वाचवायचं होतं ते अपार्टमेंट आणि शुश्रूषागृह, आणि ते वाचवण्याचा मार्ग होज नव्हता, दारं ठोठावणं हा होता. सगळेच्या सगळे जण पहिल्या मिनिटापासून त्याच कामाला लागले असते तर? बावीस मिनिटांत शंभरावर वृद्धांचं शुश्रूषागृह पूर्ण रिकामं झालं नसतं, हे मीही जाणतो. पण इमारतीच्या इतक्या जवळ उभं राहायचं कारण उरलं नसतं.

आग कशी लागली, याचं उत्तर वादातच राहिलं. मे २०१६ मध्ये एटीएफ या केंद्रीय तपास यंत्रणेने ही आग मुद्दाम लावलेली होती असं जाहीर केलं आणि माहिती देणाऱ्याला ५०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. त्या निष्कर्षावर बरीच टीका झाली. सुरक्षेच्या दृष्टीने मला यात फारसं अडकावंसं वाटत नाही. ठिणगी कुठूनही येऊ शकते. लाकडी कप्प्यांत स्फोटक व्हायला तयार असलेला माल वस्तीला खेटून ठेवणं, हे ठिणगीच्या कितीतरी आधी ठरलेलं होतं.

तोच आठवडा, आधीही

टेक्ससला हा धडा नवा नव्हता. १६ एप्रिल १९४७ ला याच राज्यातल्या टेक्सस सिटी बंदरात ग्रांकाँ या जहाजावरच्या अमोनियम नायट्रेटला आग लागली. माल भिजून खराब होऊ नये म्हणून कप्तानाने पाण्याऐवजी वाफ सोडायला लावली, आणि वाफेने ते आणखी तापलं. गावाचं स्वयंसेवी अग्निशमन दल २८ जणांचं, त्यातले २७ जण सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी एका क्षणात गेले. एकूण मृत ५८१. वेस्टचा स्फोट झाला तेव्हा या घटनेला सहासष्ट वर्षं आणि एक दिवस झाला होता.

आणि मुंबईकरांना तर हा आठवडा परका नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकाइन जहाजावर कापसाच्या गाठींना आग लागली. त्याच जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. आपल्या फायर ब्रिगेडची माणसं तासाहून अधिक वेळ त्या जहाजावर पाणी मारत राहिली. चारनंतर जहाज फुटलं आणि ६६ अग्निशामक गेले. १४ एप्रिल हा आपल्याकडे अग्निशमन सेवा दिन आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात तो त्यांच्याच स्मरणार्थ. वेस्टचा १७ एप्रिल त्या सप्ताहाच्या बरोब्बर मधला दिवस. मी हे प्रकरण त्याच आठवड्यात शिकवतो. फोर्ट स्टिकाइन, टेक्सस सिटी, वेस्ट, तिन्ही ठिकाणी शूर माणसं चुकीच्या अंतरावर उभी होती.

भारतात अमोनियम नायट्रेट २०११ मध्ये स्फोटकांच्या व्याख्येत आणलं गेलं आणि २०१२ मध्ये त्याच्या साठवणुकीचे वेगळे नियम झाले, त्यामुळे आपल्या कृषी सेवा केंद्रात वेस्टसारखे उघडे कप्पे दिसायचे नाहीत. तिथे युरिया, डीएपी असतं आणि त्यांची गोष्ट वेगळी आहे. म्हणून वर्गात कोणी ‘मग आमच्या गावच्या दुकानाला धोका नाही ना?’ असं विचारलं तर मी एवढंच सांगतो, की दुकानात नक्की काय काय आहे ते आधी बघून या. कीटकनाशकं आहेत का, गंधक आहे का, वरच्या मजल्यावर कोण झोपतं. पुढच्या वर्गाला यादी घेऊन या. काही जण खरंच आणतात. एकदा एकाने वहीच्या पानावर दुकानाचा नकाशा काढून आणला होता. दुकानाला दार एकच होतं आणि ते दार त्याने लाल पेनाने तीन वेळा गिरवलं होतं.

नंतर

२५ एप्रिल २०१३ ला वेकोच्या बेलर विद्यापीठात श्रद्धांजलीसभा झाली, अध्यक्ष ओबामा तिला हजर होते. शवपेट्यांच्या रांगेपुढे शेकडो गणवेश. वेस्टच्या दलातल्या उरलेल्यांना मात्र त्यानंतरही पेजर वाजला की निघावंच लागत होतं, आपलं घर पडलेलं असताना, शेजारची खुर्ची रिकामी असताना. स्वयंसेवी दलाला बदली कामगार नसतो.

कायदा हलायला दोन वर्षं लागली. २०१५ मध्ये टेक्ससने असा कायदा केला की अमोनियम नायट्रेटपासून ज्वालाग्राही वस्तू किमान ३० फूट लांब हव्यात आणि फायर मार्शलला, म्हणजे अग्निसुरक्षा बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, अशा जागा तपासता आल्या पाहिजेत. वस्तीपासून अंतर किती, हा प्रश्न त्याने सोडवला नाही, आणि माझ्या मते तीच मोठी उणीव आहे. त्याआधीच राज्याचे फायर मार्शल जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून, जिथे जिथे हा माल साठवतात तिथल्या दलांना वेस्टमध्ये काय घडलं ते समोरासमोर सांगत होते.

खरं तर योग्य उत्तर याच राज्यात आधी दिलं गेलं होतं. जुलै २००९ मध्ये ब्रायन शहरात अमोनियम नायट्रेटचं एक गोदाम पेटलं. तिथल्या पगारी दलाने पाणी मारणं सोडून माणसं मागे घेतली, शहराच्या मोठ्या भागातल्या हजारो लोकांना बाहेर काढलं आणि गोदाम जळू दिलं. स्फोट झाला नाही. ब्रायनची ही गोष्ट वेस्टच्या बंबापर्यंत चार वर्षांत पोचली नव्हती.

वेस्टची गोष्ट मात्र पोचली. २९ मे २०१४ च्या संध्याकाळी टेक्ससमधल्याच अथेन्स गावात, भर बाजारपेठेत, खताच्या लाकडी इमारतीला आग लागली. आत टनावारी अमोनियम नायट्रेट होतं. अग्निशामक आले, आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी इमारतीवर पाणी मारायचा प्रयत्न सोडून दिला. आसपासच्या पाच चौकांतली माणसं बाहेर काढली, स्वतःही लांब गेले आणि इमारत जळताना बघत उभे राहिले. इमारत जळून खाली बसली. कोणाला ओरखडाही आला नाही.